मुख्य तासाला जोडलेला बीजगणिताचा तास

वाणिज्य शाखेच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचा बीजगणिताशी शेवटचा संबंध दहावीच्या परीक्षेत आलेला असतो. अकरावीला प्रवेश घेताना गणित किंवा सेक्रेटरियल प्रॅक्टिस यांपैकी एक विषय निवडायचा असतो, आणि ज्याने दहावीला गणिताची धास्ती घेतलेली असते तो साहजिकच दुसऱ्या विषयाकडे वळतो. पुढची दोन वर्षे पुस्तपालन आणि अर्थशास्त्र यांत बेरजा-वजाबाक्या होतात, टक्केवारीही काढावी लागते, परंतु अज्ञात राशीसाठी अक्षर मानून समीकरण मांडण्याची वेळ सहसा येत नाही. मग पदवीला एमएसटी, म्हणजे मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स, हा विषय समोर येतो आणि त्यात शेअर्स व म्युच्युअल फंड, रेषीय प्रायोजन (लिनियर प्रोग्रॅमिंग), मागणीचे फलन (फंक्शन), डेरिव्हेटिव्ह (एक राशी बदलली की दुसरी किती वेगाने बदलते ते), चक्रवाढ व्याज आणि अ‍ॅन्युइटी असे एकामागून एक घटक येऊन उभे राहतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विषयांची मांडणी आणि श्रेयांक बदलले, तरी या घटकांना लागणारे बीजगणित तेच राहिले आहे.

मी मुंबईच्या मध्य उपनगरातील एका महाविद्यालयात हा विषय शिकवते आणि त्याच्या जोडीने बीजगणिताचा पूरक वर्ग घेते. पूरक वर्ग केव्हा घ्यावा, याविषयी शिक्षकांमध्ये दोन मते नेहमी ऐकू येतात. एक मत असे की सत्राच्या आरंभी दोन-तीन आठवड्यांचा ब्रिज कोर्स घ्यावा आणि दहावीपर्यंतचे बीजगणित एकदा पक्के करून टाकावे. दुसरे मत असे की आधी परीक्षा होऊ द्यावी, जे नापास होतील त्यांच्यासाठी नंतर रेमेडियल वर्ग लावावेत. माझ्या अनुभवाने या दोन्ही वेळा चुकीच्या आहेत. पूरक वर्ग मुख्य विषयाच्या सोबत, त्याच आठवड्यात, शक्यतो मुख्य तासाच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी व्हायला हवा, आणि त्या आठवड्यात जो घटक चालू आहे त्याला जेवढे बीजगणित लागते तेवढेच त्यात घ्यायला हवे.

ब्रिज कोर्समागचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. मात्र मुंबईत प्रवेशाच्या याद्या एकामागून एक लागत राहतात, दुसऱ्या महाविद्यालयातून प्रवेश रद्द करून येणारी मुले उशिरापर्यंत येत असतात, आणि जुलैच्या पावसात मध्य रेल्वे रखडली की अर्धी तुकडी कळवा-मुंब्र्याच्या अलीकडे-पलीकडे अडकून पडते. ज्यांना त्या कोर्सची खरी गरज असते, नेमकी तीच मुले बहुधा सर्वांत उशिरा आलेली असतात. दुसरी अडचण याहून मोठी आहे. जून-जुलैमध्ये कंसाचे नियम शिकवले आणि ते वापरण्याची वेळ दिवाळीनंतरच्या सत्रात आली, तर मधल्या काळात ते नियम टिकत नाहीत. कारण शिकताना ते कशासाठी लागणार आहेत, याची विद्यार्थ्याला कल्पनाच नसते. दहावीलाही त्याने ते असेच शिकलेले असतात. तेच शिकवणे त्याच पद्धतीने, अधिक घाईने पुन्हा केले, तर वेगळे फळ मिळण्याचे कारण नाही. परीक्षेनंतरच्या रेमेडियल वर्गाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तोवर विद्यार्थ्याने 'आपल्याला गणित येत नाही' हा निकाल स्वतःपुरता लावून टाकलेला असतो, आणि पुढच्या सत्राचे नवे विषयही डोक्यावर येऊन बसलेले असतात.

मुख्य घटकाशी जोडलेला पूरक वर्ग म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणावरून सांगते. एका वस्तूची प्रति नग किंमत ५० − २क्ष रुपये आहे, येथे क्ष म्हणजे विकल्या जाणाऱ्या नगांची संख्या, आणि एकूण खर्च १०क्ष + १०० रुपये आहे. जास्तीत जास्त नफा किती नगांना आणि तो किती, असा प्रश्न आहे. एकूण विक्री होते ५०क्ष − २क्ष². नफा काढताना विक्रीतून खर्च वजा करायचा, म्हणजे ५०क्ष − २क्ष² − (१०क्ष + १००). येथे कंस सोडवताना वर्गातील बरीच मुले − १०क्ष + १०० असे लिहितात. कंसाबाहेरचे वजा चिन्ह पहिल्या पदापुरते लागू करतात आणि दुसरे पद जसेच्या तसे ठेवतात. नफ्याचे फलन यायला हवे ४०क्ष − २क्ष² − १००, ते येते ४०क्ष − २क्ष² + १००. आता यातली खरी अडचण पुढे आहे. डेरिव्हेटिव्ह घेताना शंभर ही स्थिर संख्या निघून जाते, तिचे चिन्ह अधिक असो वा उणे. दोन्ही फलनांचा डेरिव्हेटिव्ह ४० − ४क्ष हाच येतो, आणि नफा सर्वाधिक असतो तेथे डेरिव्हेटिव्ह शून्य असल्याने तो शून्य मांडला की क्ष = १० हे बरोबर उत्तर मिळते. घाईने तपासणारा परीक्षक पायऱ्यांवर बरोबरची खूण करीत जातो, शेवटच्या ओळीतील नफ्याच्या आकड्याचा एखादा गुण कापतो आणि पुढे सरकतो. कंसाची चूक तशीच राहते, वर्षानुवर्षे राहते, कारण ती पकडली जावी अशी रचनाच नसते.

हेच उदाहरण सोडवलेला, दुपारनंतर मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसणारा एक विद्यार्थी पूरक वर्गात वही घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, डेरिव्हेटिव्ह बरोबर आहे, उत्तर पण दहाच आलंय, मग मार्क कशाचा गेला?" मी त्याला चूक दाखवली नाही. दहा नग विकले तर किंमत किती, असे विचारले. त्याने पन्नासातून वीस वजा करून तीस सांगितली. "मग गल्ल्यात किती जमा झाले?" "तीनशे." "आणि नफा किती लिहिलास?" त्याने वहीत पाहिले. तिथेही तीनशेच होते. क्षणभर तो गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे माल फुकटात पडला?" त्यानंतर कंसापर्यंत तो स्वतःच मागे गेला, खर्चातले शंभर रुपये वजा होण्याऐवजी मिळवले गेले आहेत हे त्याने शोधले, आणि नफा शंभर रुपये असा दुरुस्त केला. कंसाचा नियम मी फळ्यावर लिहून दिला असता तर त्याने तो उतरवून घेतला असता. येथे मात्र त्या नियमावाचून हिशेब चुकतो हे त्याला दुकानाच्या हिशेबातून दिसले, आणि माझ्या मते पूरक वर्गाचे काम हेच आहे.

याच उदाहरणात आणखी एक चूक दडलेली असते आणि तिचे मूळ आमच्या शाळांतील शिकवण्यात आहे. ४० − ४क्ष = ० यावरून − ४क्ष = − ४० येते. पुढच्या ओळीत काही मुले क्ष = − १० असे लिहितात. का लिहिले, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: "उणे चार पलीकडे नेले, चिन्ह बदलले." शाळेत 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हे वाक्य इतक्या वेळा घोटून घेतलेले असते की बेरजेतले पद पलीकडे नेणे आणि गुणकाने भागणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हा भेद मुलांच्या मनात राहतच नाही. ३क्ष = १२ वरून क्ष = ९ काढणारा विद्यार्थीही याच वाक्याचा बळी असतो; त्याने तीन पलीकडे नेऊन प्रामाणिकपणे वजा केलेले असतात. अशा विद्यार्थ्याला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला जो नियम सांगितला गेला, तो त्याने काटेकोरपणे पाळला आहे.

म्हणून आमच्या पूरक वर्गात 'पलीकडे नेणे' हा शब्दप्रयोग काही आठवडे आम्ही कोणीच वापरत नाही. दोन्ही बाजूंवर कोणती क्रिया केली, ते प्रत्येक ओळीच्या उजवीकडे समासात लिहायचे: दोन्हीकडून ४० वजा केले, दोन्ही बाजूंना − ४ ने भागले. मुलांना आरंभी हे कंटाळवाणे वाटते आणि वेळही अधिक लागतो, परंतु चूक कोठे झाली हे त्या समासात त्यांचे त्यांनाच सापडू लागते. समीकरण म्हणजे तराजू, ही उपमा मीही वापरते, कारण भाजीवाल्याच्या काट्यावरची समतोलाची कल्पना कोणालाही चटकन पटते; मात्र उणे संख्या आली की ती उपमा तोकडी पडते, उणे चार किलो पारड्यात ठेवता येत नाहीत, आणि त्या वेळी ती सोडून देऊन संख्यारेषेकडे वळावे लागते. त्याहूनही उपयोगी सवय म्हणजे आलेले उत्तर मूळ समीकरणात घालून पाहणे. उणे दहा नग तयार करा असे सांगणारे उत्तर समोर आल्यावरही पुढच्या प्रश्नाकडे जाणारा विद्यार्थी मूर्ख नसतो. गणितातल्या उत्तराला अर्थ असतो आणि तो तपासता येतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

व्याजाच्या घटकात चुकीचे रूप वेगळे असते. दहा हजार रुपयांची द.सा.द.शे. १० दराने दोन वर्षांची चक्रवाढ रास काढताना १०,००० × (१ + ०.१०)² मांडले जाते, येथवर सूत्र पाठ असते. मग कंसाचा वर्ग करताना आतील दोन्ही संख्यांचा वेगवेगळा वर्ग होतो, १ + ०.०१ येते आणि रास निघते १०,१००. खरी रास १२,१०० आहे. दोन वर्षांत दहा टक्क्यांनी फक्त शंभर रुपये व्याज देणाऱ्या बँकेत तू पैसे ठेवशील का, या प्रश्नावर वर्गात एकमताने नकार येतो, आणि (अ + ब)² या विस्तारातील २अब हे पद कशाचे, हा प्रश्न तिथून पुढे जिवंत होतो. या उदाहरणात ते पद म्हणजे दोन वर्षांचे सरळ व्याज, दोन हजार रुपये. आणि ब² हे छोटे पद म्हणजे व्याजावरचे व्याज, शंभर रुपये. दहावीला पाठ केलेल्या सूत्राला असा अर्थ असतो हे पाहून आनंदणारी मुले मी दरवर्षी पाहते.

जीएसटीचा हिशेब हा असाच एक आवडता विषय आहे. १८ टक्के कर धरून बिल १,१८० रुपये झाले तर मूळ किंमत किती, असे विचारल्यावर निम्मा वर्ग १,१८० चे १८ टक्के काढून ते वजा करतो आणि ९६७.६० सांगतो. मूळ किंमत क्ष मानून १.१८क्ष = १,१८० असे मांडले की उत्तर एका ओळीत १,००० येते. दुकानात किंवा एखाद्या अकाउंटंटच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलांना यात लगेच रस वाटतो, कारण हा हिशेब त्यांच्यापुढे रोज येतो आणि तिथे तो सॉफ्टवेअर करून टाकते.

आता वर्ग चालवण्याविषयी. 'ढ मुलांचा वर्ग' असा शिक्का एकदा बसला की हजेरी संपली. या बाबतीत मला अमेरिकेतील एका जुन्या उपक्रमाचा फार आधार वाटतो. कॅन्सस सिटी येथील मिझुरी विद्यापीठात १९७३ साली डिअ‍ॅना मार्टिन यांनी सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन नावाची पद्धत सुरू केली. कच्चे विद्यार्थी हुडकून त्यांना बाजूला काढायचे नाही, तर ज्या विषयात एरवी बरेच विद्यार्थी नापास होतात तो विषयच अवघड मानायचा आणि तो घेतलेल्या प्रत्येकासाठी पूरक सत्रे खुली ठेवायची, हे तिचे मूळ सूत्र होते. सत्र चालवणारा असतो तो विषय आधी चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी, आणि तो मुख्य विषयाच्या तासांनाही बसतो. आम्ही हेच आमच्या बेताने करतो. तिसऱ्या वर्षाची काही मुले-मुली पूरक वर्गात गटागटांत बसतात. त्यांना एकच सक्त सूचना असते, ती म्हणजे पेन्सिल आपल्या हातात घ्यायची नाही. उत्तर सांगायचे नाही, पुढचा प्रश्न विचारायचा. वरच्या वर्गातील ताई किंवा दादा समोर असला की "मला अपूर्णांकांची बेरीज येत नाही" हे वाक्य जितक्या सहज बाहेर पडते, तितके ते माझ्यासमोर पडत नाही, आणि त्यात वावगे काही नाही. गटात बोलणे मराठीत, हिंदीत, गुजरातीत, जसे जमेल तसे चालते. उत्तरपत्रिका बहुतेक जण इंग्रजीत लिहितात, त्यामुळे शेवटी एक उदाहरण परीक्षेला लिहायचे त्या रीतीने लिहून घेतले जाते.

सोबत चालणाऱ्या पूरक वर्गाच्या बाजूने एक भक्कम पुरावाही आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत, ज्यांना प्राथमिक बीजगणिताचा रेमेडियल कोर्स करण्यास सांगितले जाई अशा विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत विभागून एक प्रयोग करण्यात आला; त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला नेहमीचा रेमेडियल बीजगणिताचा कोर्स मिळाला, तर दुसऱ्या गटाला थेट पदवीच्या पातळीवरील संख्याशास्त्र आणि त्याच्या जोडीला दर आठवड्याची कार्यशाळा. रेमेडियल गटातील सुमारे ३९ टक्के विद्यार्थी आपला कोर्स उत्तीर्ण झाले, तर संख्याशास्त्राच्या गटातील सुमारे ५६ टक्के. आधी पाया आणि मग इमारत, हा क्रम गणितात अटळ आहे असे मानणाऱ्यांना हा निकाल विचारात पाडणारा आहे. तरीही त्याचा अर्थ मी जपून लावते. हा प्रयोग बीजगणिताऐवजी संख्याशास्त्र देऊन केलेला होता, आणि डेरिव्हेटिव्ह किंवा रेषीय प्रायोजन शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला बीजगणित चुकवता येणार नाही. मला त्यातून घेण्यासारखे वाटते ते एवढेच, की कच्च्या समजल्या गेलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या विषयापासून रोखून धरण्यापेक्षा त्याला त्या विषयात आणून सोबत आधार देणे अधिक फलदायी ठरू शकते.

राहिला वेळापत्रकाचा प्रश्न, आणि मुंबईत हाच सर्वांत कठीण आहे. आमच्यासारख्या अनेक महाविद्यालयांत वाणिज्य पदवीचे तास सकाळी सातला सुरू होऊन साडेअकराच्या सुमारास संपतात. टिटवाळा, बदलापूर येथून येणारी मुले पहाटे पाचच्या आसपासची गाडी धरतात. तास संपले की कोणी मेडिकलच्या दुकानात जातो, कोणी सीएच्या क्लासला, कोणी लहान भावंडांना शाळेतून आणायला. अशा मुलांना बारा वाजता 'एक्स्ट्रा लेक्चर' ठेवणे म्हणजे ज्यांना गरज नाही अशा मोजक्या मुलांसाठी ते ठेवणे होय. पूरक तास मूळ वेळापत्रकात, दोन तासांच्या मध्ये बसवला तरच तो सर्वांचा होतो. आमच्याकडे तो मंगळवारी तिसऱ्या तासाला आहे आणि मुख्य विषयाचा पुढचा तास बुधवारी. तो तिथे बसवण्यासाठी बरीच पत्रे आणि बैठका लागल्या, परंतु उपस्थितीत पडलेला फरक स्पष्ट दिसतो.

एका तुकडीत सव्वाशेच्या आसपास विद्यार्थी असतात. एवढ्या वर्गात प्रत्येकाची वही पाहणे शक्य नाही, म्हणून दर मंगळवारी प्रत्येकाने अर्ध्या कागदावर एकच उदाहरण सोडवून, नाव न घालता देऊन जायचे असते. त्या कागदांवर मी गुण देत नाही. समान चुकांचे गठ्ठे करते आणि सर्वांत मोठ्या गठ्ठ्यातली एक मांडणी पुढच्या वेळी फळ्यावर लिहून विचारते, की हे लिहिणाऱ्याने कोणता विचार केला असेल. चुकीमागचा विचार शोधताना मुले फार बारकाईने बोलतात. बरोबर उत्तर समजावून घेताना ती इतकी बोलत नाहीत.

हे गठ्ठे करायला, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना तयार करायला आणि मुख्य विषयाच्या शिक्षकांशी आठवड्याचा घटक जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि हा वेळ सध्या कोणाच्याच कार्यभारात धरला जात नाही. माझ्यासारख्या कायम शिक्षिकेला तो काढता येतो. परंतु पहिल्या वर्षाचे अनेक तास तासिका तत्त्वावर काम करणारे तरुण शिक्षक घेतात. त्यांना घेतलेल्या तासापुरते मानधन मिळते आणि एक महाविद्यालय संपवून ते दुसऱ्याकडे धावत असतात. त्यांच्याकडून हे काम सेवाभावाने व्हावे अशी अपेक्षा ठेवणे मला मान्य नाही. पूरक तास हा पूर्ण तास म्हणून नोंदवला जावा, त्याचे मानधन मुख्य तासाइतकेच असावे आणि मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही, जेथे 'कमवा व शिका' योजना चालते तेथे, तिच्यातून मोबदला मिळावा, असा प्रस्ताव आम्ही विभागातर्फे दिला आहे. त्याच्यासोबत मंगळवारच्या कागदांचे काही गठ्ठेही जोडले आहेत, जुलैमधले आणि सप्टेंबरमधले.